डावीकडचा पत्रा

उसगाव-तिस्कावर, बंद वजनकाट्यामागे
कायतानचं गॅरेज. वर झावळ्या, खाली वाळू,
आणि मध्ये चार चिऱ्यांवर टेकवलेला माझा ट्रक.
माझा म्हणजे गेल्या चवथीपासूनचा.
त्याआधी तो बाबलो गांवकारांचा,
आणि मी त्यांचा क्लीनर.

मॅट एका ओढीत निघत नाही.
वर काळं रबर, त्याखाली फुलाफुलांचं रेक्झिन,
रेक्झिनखाली काथ्याची गोणी,
गोणीखाली लाल चिखल, वाळून खापर झालेला.
त्यात एक विडीचं थोटूक, पन्नास पैसे,
आणि पेन्सिलीने लिहिलेली खाणीची चिठ्ठी:
ट्रिप नववी, आमोणे धक्का.
तारीख चिखलाने खाल्ली होती.

कायतान हातोडी घेऊन वाकला.
"गंज पळोवपाचो न्हय रे, आयकुपाचो."
फणस वाजवतात तसा तो पत्रा वाजवत गेला.
धड पत्रा टण् म्हणायचा,
कुजलेला नुसताच भद्.
भद् म्हणेल तिथे खडूची रेघ.
रेघ वाढत वाढत गिअरच्या दांड्याला वळसा घालून
दारापर्यंत आली, तेव्हा तो हसला:
ट्रक कमी राहिला, रेघच जास्त.

मी एक तुकडा बोटांत चुरडला.
तीच माती. तोच रंग, जो आई
माझ्या बनियनमधून दगडावर आपटून काढायची
आणि निघायचा नाही.
जन्मभर ह्याने डोंगर वाहिला,
आणि खाणी बंद पडल्यावर, उभ्या जागी,
एकेक पावसाळा पिऊन
स्वतःच डोंगर व्हायला निघाला होता.

डावीकडचं भोक मला नवं नव्हतं.
सतराव्या वर्षापासून त्याच्यावर पाय दुमडून बसलो.
खालून रस्ता धावायचा;
खांडेपारच्या पुलाचे सांधे मी त्यातून मोजलेत.
पावसात भोकाचं कारंजं व्हायचं.
बाबलो म्हणायचे, गोणी दाब.
मी गोणी दाबायचो.

माणूस वाईट नव्हता.
माशाची बरी कुडी त्यांनी कधी एकट्याने खाल्ली नाही.
पत्रा मात्र दोनदा बदलला,
दोन्ही वेळा आपल्या पायाखालचा.

"खंयच्यान सुरू करूं? ड्रायवराच्या कुशीन?"
डावीकडून, मी म्हटलं.
त्याने मान वर केली नाही,
फक्त ग्राइंडरची वायर ओढत त्या बाजूला गेला.

ब्रेकच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या.
मी वाळूची बादली धरून उभा.
निवडणुकीच्या जुन्या पोस्टरच्या पाठीवर नमुना आखला,
तो कापताना कुणाचं तरी अर्धं हसू
कात्रीतून खाली पडलं.
सोळा गेजचा पत्रा. टाके आधी लांब लांब,
मग मधले, पत्रा तापून वाकू नये म्हणून.
मग शेंदरी प्राइमर. मग खालून डांबर.
दोन दिवस आम्ही दोघं डांबराच्या वासाचं जेवलो.

फोंड्याचा दुकानदार फोम लावलेली मॅट दाखवत होता,
पाय कसे रुततात बघा म्हणत.
कायतानने फोनवरूनच सांगितलं, फोम नाका.
तो पाणी पितो आणि कुणाला सांगत नाही.
साधं काळं रबर आणलं, खरबरीत,
झाडलं की झाडता येईल असं.

आणि ते अंथरायच्या आधी, डाव्या कोपऱ्यात,
ह्या माणसाने ड्रिल लावलं.
मी ओरडलो. आत्ताच बुजवलंय ना!
"उदक येतलेंच," तो म्हणाला.
भिजली चप्पल येणार, बाटली सांडणार, दार गळणार;
वाट ठेवली नाहीस तर ते इथेच बसेल.
रुपयाएवढं भोक. त्यात रबराचं बूच.

सोमवारी चिरे भरायला निघालो.
नवा पोरगा, शांबा, चढला
आणि सवयीने पाय दुमडून बसला.
ह्याआधी कुठल्या ट्रकवर होता, मी विचारलं नाही.
पाय खाली सोड, म्हटलं.
त्याने सोडले: आधी बोटं, मग टाच,
वझऱ्याच्या पाण्याचा अंदाज घेतात तसे.
मग वाकून म्हणाला, हे बूच कसलं?

मी पहिला गिअर टाकला.